आमच्या घरचे बाड

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की आमच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी दरवर्षी खाली येते आणि दरवर्षी न उघडताच वर जाते. पेटीत काय आहे, हे सर्वांना ठाऊक असे. म्हणजे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. "आजोबांची वही आहे ती, राहू द्या," एवढे बोलून आई फडक्याने वरची धूळ पुसायची. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत पेटी पुसायला मीच होतो, आणि पुसता पुसता मी ती उघडली.

आत लाल बासनात गुंडाळलेली एक वही निघाली. लांबट कागद एका अंगाला शिवलेले, जाड सुती पुठ्ठा, घड्यांत वेखंडाचे दोन तुकडे आणि लिंबाचा वाळून भुगा झालेला पाला. पुढची साठसत्तर पाने आजोबांच्या हातची होती. ती मोडीत होती. मागची कोरी राहिलेली पाने पुढे आईने वापरली होती. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने लिहिले फारसे नव्हते; चिकटवले होते. हळदीकुंकवाची बोटे उठलेली लग्नपत्रिका, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हाचा हजेरीचा कागद, माझ्या जावळाच्या चार केसांची पुडी, पंढरपूरचे एस. टी.चे तिकीट, मी मॅट्रिक झालो त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला निकालाचा चतकोर तुकडा. सगळे खळीने चिकटवलेले. खळीत मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे तिला कुणी शिकवले कोण जाणे. पण एकाही पानाला छिद्र नव्हते.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. लोकांची आयुष्ये रचून सांगणे हा माझा उद्योग. पण त्या दिवशी माझ्याच आजोबांची सत्तर पाने मांडीवर घेऊन मी निरक्षरासारखा बसलो होतो. एक अक्षर लागेना.

अशा वहीला आपल्याकडे जुने नाव आहे: बाड. साहेबाच्या देशात कात्रणे आणि चित्रे चिकटवण्याच्या वहीला स्क्रॅपबुक म्हणतात. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने तर १८७३ साली आधीच डिंक लावून ठेवलेल्या पानांच्या अशा वहीचे पेटंट घेतले होते. आपले बाड त्याहून कितीतरी जुने. अभंग, आरत्या, पदे, औषधांचे उतारे, देण्याघेण्याचे टाचण, कुणाच्या जन्माची वेळ, कुणाच्या मरणाची तिथी, जे जे हरवू नये असे वाटले ते ते माणसे बाडात उतरवून ठेवत. ते छापण्यासाठी नव्हते. ते घराचे किंवा मठाचे असे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या रामदासी मठांतून अशी बाडे गोळा केली, म्हणून समर्थ संप्रदायाचे पुष्कळ वाङ्मय आज आपल्यापुढे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे ते खंड बावीस झाले. तेही अशाच घरोघरच्या, माळ्यावरच्या, कसर लागलेल्या रुमालांतून. राजवाड्यांच्या आधी जे कागद बंबात गेले, त्यांचा मात्र खंड निघाला नाही.

आमच्या बीड जिल्ह्याला तर या गोष्टीचा अभिमान वाटावा असे एक उदाहरण अंबाजोगाईत आहे. दासोपंत (१५५१ ते १६१५) या संतकवीने आपले 'पंचीकरण' कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरायचे वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या कापडावर ओव्याही आहेत आणि आकृत्याही आहेत. ज्याने अंग झाकायचे, त्यावरच माणसाने आपले चिंतन मांडून ठेवले. चार शतके होऊन गेली, पासोडी अजून अंबाजोगाईत आहे. ती टिकली याचे श्रेय जितके कापडाला आणि शाईला, तितकेच ती पिढ्यान् पिढ्या घडी करून ठेवणाऱ्या हातांना दिले पाहिजे. वस्तू आपोआप टिकत नाही. तिला कुणीतरी दरवर्षी खाली काढून, पुसून, पुन्हा वर ठेवावे लागते.

आणि नुसते ठेवूनही भागत नाही, हे महानुभावांच्या इतिहासावरून कळते. आमच्याच गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर हे त्यांचे मोठे तीर्थ आहे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याकडून विचारून घ्यायचे, आणि कोणती आठवण कुणी सांगितली हेही ध्यानात ठेवायचे, अशी त्याची रीत होती. त्यातून 'लीळाचरित्र' उभे राहिले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला, असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, आणि वेगवेगळे पाठ तयार झाले. म्हणजे आज आपण मराठीतला जो आद्य गद्यग्रंथ वाचतो, तो एकदा हरवून माणसांच्या मुखातून परत आलेला आहे. एकच प्रत, एकच पेटी, एकच माणूस यांच्या भरवशावर राहू नये, हा त्यातला धडा. तो आम्हाला सातशे वर्षांनीही पचलेला नाही.

आता आजोबांच्या वहीकडे वळतो. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ बीडला आहेत, त्यांच्याकडे मी वही घेऊन गेलो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा बहुतेक व्यवहार मोडीत चालत असे. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, शाळांतून मोडी उठली, आणि दोन पिढ्यांत घरोघरचे कागद घरच्यांनाच परके झाले. आमच्या मराठवाड्यात तर परकेपणा दुहेरी. निजामाच्या राज्यात दरबारी भाषा उर्दू, म्हणून सरकारी कागद उर्दूत. घरगुती कागद मोडीत. आणि नातवंडे शिकली बाळबोध. कागद शाबूत, अक्षर शाबूत, फक्त वाचणारा डोळा नाही.

त्या गृहस्थांनी भिंग लावून पाने उलटायला सुरुवात केली. आजोबा एका आडत दुकानावर कारकून होते. बहुतेक पाने हिशोबाची निघाली. रुपये कुठे हाली, कुठे कळदार. सात हालींचे सहा कळदार असा भाव. महिन्यांची नावेही आजूर, दै, बहमन अशी निजामशाही फसली सनाची. मध्येच एक पान यादीचे लागले. वर लिहिले होते, फरवर्दी, सन १३५७ फसली. म्हणजे १९४८ चा फेब्रुवारी महिना. रझाकारांचा जोर होता. सरहद्दीवरची माणसे गाव सोडून इंग्रजी अमलातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या नगर जिल्ह्यात जात होती. आमचेही घर गेले होते, हे मी ऐकून होतो. यादीत नेलेल्या जिनसा होत्या: दोन पितळी घागरी, ज्वारी अमुक पायली, एक घोंगडी, देव. आणि शेवटी माणसे: पाच. पाचांची नावे व वये.

पुढे दहाबारा पाने सोडून दुसरी यादी होती. महिना दै, सन १३५८ फसली. म्हणजे १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाल्यावर, दिवाळी उलटल्यानंतर, घर परत आले तेव्हाची. घागर एक. घोंगडी एक. देव. माणसे: चार.

"एक नाव कमी आहे," गृहस्थ म्हणाले. "वय तीन."

ते नाव मी कधी ऐकलेले नव्हते. माझ्या आत्या तेव्हा हयात होत्या, नव्वदीच्या घरात. त्यांच्याकडे जाऊन मी ते नाव उच्चारले. हातातली सुपारी त्यांनी खाली ठेवली. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या पाठची व्हती रे ती. छावणीत हगवण लागली. दोन दिसांत गेली. तुला कुनी सांगितलं?"

मी म्हटले, "आजोबांनी."

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते आमच्या घरात राहू द्या. पण सांगण्याची गोष्ट अशी, की आजोबांनी त्या मुलीबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. कारकुनाचा हात. त्यांनी फक्त पाच लिहिले आणि मग चार लिहिले. मी कादंबरीत या प्रसंगाला वीस पाने दिली असती, आणि त्या दोन आकड्यांइतके माझ्याने काही सांगून झाले नसते.

दुसऱ्या यादीत खाली आणखी एक टीप होती: म्हैस मिळाली, शेजारी यांनी सांभाळली, वैरणीचे रुपये इतके देणे. शेजाऱ्यांचे नाव मुसलमानी होते. मी आत्यांना विचारले, पैसे दिले का? त्या म्हणाल्या, "कुनाला देनार? आमी आलो तवा म्हैस आमच्याच दावनीला बांधलेली व्हती. घर उघडं. मानसं गेलेली."

पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते आम्ही शाळेत शिकलो नाही आणि शिकवतही नाही. सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत वाईट, असे त्यात नमूद आहे. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. आमच्या शेजाऱ्यांचे काय झाले, ते आजोबांच्या वहीत नाही. दावणीला म्हैस बांधून ते कुठे गेले, कुणी त्यांना घालवले, याबद्दल एक अक्षर नाही. रझाकारांच्या भीतीने गाव सोडले हे लिहिणारा हात इथे थांबलेला आहे. बाडाचा हा दोषही वाचकाने ध्यानात ठेवावा. बाड ठेवणारा जे ठेवू इच्छितो तेच त्यात राहते. घरच्या वहीत घरची बाजू असते. समोरच्या घराची वही वाचल्याखेरीज गावचा इतिहास पुरा होत नाही. आणि समोरच्या घराला वही घेऊन जायला वेळ मिळाला होता की नाही, कोण सांगणार?

ज्यांना लिहिताच येत नव्हते, त्यांची बाडे कुठे शोधायची, असाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर जात्यावर होते. दळता दळता बायकांनी आपले माहेर, सासर, भाऊ, देव, दुष्काळ सारे ओव्यांत घालून ठेवले. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि जात्याबरोबर ओव्या मुक्या होऊ लागल्या. त्या वेळी पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्यावर ओव्या जमवल्या. आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर ठेवायला आरंभ केला. आज भीमनगरातली नात मोबाइलवर आजीचा आवाज ऐकू शकते. यंत्राने आठवण मारली, आणि यंत्रानेच ती जपली, अशी ही गंमत आहे. म्हणून मी यंत्राचा द्वेष्टा नाही. पण त्या ओव्या यंत्राने आपण होऊन जपल्या नाहीत. कुणीतरी गाव विचारले, गाणारीचे नाव लिहिले, कोणती ओवी कुणाची ते नोंदले. म्हाइंभटाचेच काम, हत्यार तेवढे नवे.

आता हे सारे मला का सुचले ते सांगतो.

आमच्या गावातली निम्मी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक जिकडे टोळी जाईल तिकडे लेकरे जातात. पाडव्याच्या सुमारास माणसे परततात. एका वर्षी सहावीतली एक मुलगी परतली ती गप्पगप्प. तिची आजी तिकडे कोपीवरच वारली होती. आठ दिवसांनी शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळ आली. फडक्यात गुंडाळलेला बापाचा मोबाइल तिने टेबलावर ठेवला.

"गुरुजी, ह्यो पाटाच्या पाण्यात पडला. आजीचा फोटो ह्याच्यातच हाय. निघतो का?"

मी तो बीडला नेला. एका दुकानात नाही म्हणाले, दुसऱ्यात ठेवून घेतला आणि चार दिवसांनी नाही म्हणाले. आजीचा दुसरा फोटो घरात नव्हता. गावात फोटोवाला पूर्वी येई, पाच-सहा माणसांना ओट्यावर बसवून एक फोटो काढी, आणि तो काचेत चाळीस वर्षे टिके. मोबाइल आल्यापासून घरटी हजारो फोटो निघतात, म्हणून भिंतीवर एकही लागत नाही. मी फोन परत दिला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला तिचं त्वांड आता नीट आठवंना, गुरुजी."

त्या मुलीला मी काय सांगणार? मोडीची जी गत झाली तीच या नव्या साठ्याची होते आहे, फक्त वेग अधिक आहे. मोडी दुर्बोध व्हायला दोन पिढ्या लागल्या. मी माझी पहिली कादंबरी ज्या फ्लॉपीवर ठेवली, ती वाचणारे यंत्र आता तालुक्यात नाही. ऑर्कुट नावाच्या जागी आमच्या वयाच्या पुष्कळांनी तारुण्यातली छायाचित्रे आणि निरोप ठेवले होते. ते दुकान ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनीच २०१५ साली जगाला इशारा दिला, की आपले शतक पुढच्यांना अंधारयुग वाटेल, आणि जे फोटो खरोखर प्रिय असतील ते कागदावर छापून ठेवा. इंटरनेटचा जनक कागद वापरा म्हणतो, तिथे माझ्यासारख्या खेडवळ मास्तराने लाजायचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शंभर पानी वह्या वाटल्या. चूल मांडून मुलांकडूनच खळ शिजवून घेतली, आईच्या रीतीने मोरचुदाची चिमूट मात्र माझ्या हाताने घातली आणि भांडे मुलांपासून दूर ठेवले. नियम तीनच केले. चिकटवाल त्याखाली माणसाचे नाव, गाव आणि साल लिहायचे. ते कुणी सांगितले हे लिहायचे. आणि ज्या फोटोवाचून करमणार नाही, असा वर्षाला एक तरी कागदावर काढून त्याची एक प्रत मामाच्या किंवा मावशीच्या घरी ठेवायची.

मुलांनी काय काय आणले! मुकादमाच्या हिशोबाची चिठ्ठी, मेलेल्या बैलाच्या गोंड्याचा लोकरी धागा, साखर कारखान्याच्या गेटवरची पावती. पावतीची शाई उडते, म्हणून तिच्यावरचा मजकूर पेनाने खाली उतरवून घ्यायला मी सांगितले. त्या मुलीने आजीच्या लुगड्याच्या काठाचा वीतभर तुकडा आणला. तो चिकटवून खाली तिने लिहिले, आजी मला कशी हाक मारायची, तंबाखू कोणत्या हाताने मळायची, थंडीत कोपीत कोणत्या कुशीवर निजायची, उसाचे पाचट लागून तिच्या गालावर कुठे वण होता. दोन पाने भरली. शेवटी लिहिले होते, "हे मला आठवते."

ती वही आता तिच्याबरोबर ऊसतोडीला जाते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिची दुसरी प्रत मी हाताने उतरवून शाळेच्या कपाटात ठेवली आहे.

आजोबांच्या वहीतली ती दोन पाने मी बाळबोधीत उतरवली आणि समोरासमोर चिकटवली. आत्या गेल्या साली वारल्या. त्याआधी त्यांच्या तोंडून ऐकलेले त्याखाली लिहिले, आणि हे त्यांनी सांगितले असेही लिहिले. शेजाऱ्यांच्या वैरणीची टीप मात्र नुसती उतरवून मला चैन पडेना. त्या घराचे कुणी हैदराबादला असतील, असे गावात एक-दोघे म्हणतात. मी दोनदा जाऊन आलो. माग लागला नाही. टिपेची एक प्रत उर्दूत लिहवून घेतली आहे आणि ती बासनात वेगळी ठेवली आहे. कधी कुणी आपल्या आजोबांचे घर शोधत आमच्या गावी आलाच, तर त्याला देण्यासाठी आमच्याकडे तेवढा एक कागद आहे. त्यात त्याच्या आजोबांचे नाव आहे आणि ते आमचे देणेकरी नव्हते, आम्ही त्यांचे होतो, एवढे लिहिलेले आहे.

यंदा घर झाडताना मी पेटी खाली काढली, तेव्हा माझा मुलगा जवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, ह्याचा फोटो काढून ठेवू का मोबाइलमध्ये?"

मी म्हटले, "काढ. पण आधी वाचायला शीक."

हल्ली रविवारी सकाळी आम्ही दोघे मोडीची बाराखडी गिरवतो. त्याचे अक्षर माझ्याहून बरे आहे.